कान झाकून हाळी देणारे मास्तर

हाळी आपणच द्यायची आणि कानही आपणच झाकायचे, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. गंगेच्या काठावर उभं राहून पल्याडच्या नावाड्याला बोलवायचं तर माणूस काय करतो? दोन्ही हात तोंडाशी नेतो आणि ओरडतो. आमचे मास्तर दोन्ही हातांनी कान गच्च दाबायचे, "ओ सटवाऽऽ" म्हणून एकच हाळी द्यायचे, ती तोंडातून सुटली की झटक्यात हात काढायचे आणि मान तिरकी करून तसेच उभे राहायचे. धुणं धुणाऱ्या आम्ही बाया हसून हसून बेजार व्हायचो. मी तर सगळ्यांत पुढं. मी म्हणायची, ह्यांना आपलाच आवाज सोसवत नाही, तर बायकोचा कसा सोसवेल, म्हणूनच बिनलग्नाचे राहिले असतील.

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. अलीकडच्या काठाला पन्नास-साठ उंबऱ्यांचं आमचं गाव आणि पलीकडं बाजारगाव. बाजार पलीकडं, दवाखाना पलीकडं, दगडी घाट पलीकडं आणि घाटावरची देवळाची ती उंच भिंतही पलीकडंच. आमच्या वाट्याला नुसती वाळू. पूल म्हणावा तर गंगाखेडचा, तोही रेल्वेचा आणि सात कोस खाली. राज्य निजामाचं, म्हणून शाळेला मदरसा म्हणायचं. पलीकडच्या त्या मदरशात मास्तर हिसाब, म्हणजे गणित, शिकवायला आले आणि आमच्या गोठ्याशेजारची खोली किरायानं घेऊन, जेवायला आमच्याकडंच, असे राहिले. मूळचे राणीसावरगावकडचे. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि हे लढाईवरूनच आलेले. सोबत एक पत्र्याची पेटी आणि मनगटावर एक घड्याळ, बाकी काही नाही.

मी जात्याच उतावळी. माझ्या आईनं मला सातव्या महिन्यात जन्म दिला, म्हणायची, हिला पोटातसुद्धा दम निघाला नाही. आणि देवानं नेमका असा माणूस माझ्या पंगतीला आणून बसवला की ज्याला काहीही विचारा, उत्तर लगेच यायचंच नाही. "मास्तर, भाकरी वाढू का?" मी विचारायची. मास्तर थांबायचे. माझ्या तोंडाकडं बघत थांबायचे. तोवर मी भाकरी परत टोपल्यात टाकलेली असायची. मग हे म्हणणार, "हां, वाढा." एकदा मी चिडून म्हटलं, अहो, तुमच्या कानापासून डोक्यापर्यंतचा रस्ता किती कोसांचा आहे? त्यावरही ते थांबले. मग म्हणाले, "वैनी, तुमचा सवाल पुरा पोचला का न्हाई, ते बघायलो." असं बोलणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं?

गावानं पहिले सहा महिने त्यांना एकच प्रश्न विचारला. लढाईत काय केलं? बंदूक चालवली का? नाही. तोफ? नाही. इमान उडवलं? नाही. मग केलं तरी काय? "वाट पाह्यली," असं मास्तर सांगायचे. ऐकून पाटलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, वाट पाहायला सरकार पगार देतंय हे आधी कळलं असतं तर आमचं निम्मं गाव भरती झालं असतं.

खरं काय ते आमच्या मालकांनी एकदा बाहेर काढलं. मालक म्हणजे माझे यजमान. माणूस गरीब स्वभावाचा, कुणाचंही ऐकून घेणारा, त्यामुळं त्यांच्यापुढं मास्तर मोकळे झाले. लढाईत एक यंत्र होतं, रडार म्हणतात. अंधारातलं, ढगातलं विमान त्यात दिसतं. दिसतं म्हणजे डोळ्यांनी नाही. यंत्र आभाळात हाळी देतं, ती विमानाला आपटून परत येते आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून ते किती लांब आहे ते कळतं. त्या यंत्रात चार कारभारी असतात, मास्तर म्हणाले. एक ओरडणारा. एक ऐकणारा. एक काचेवर रेघ ओढून अंतर दाखवणारा. आणि चौथा ह्यातलं काहीच करत नाही, तो नुसता ठोका देतो. ठोका पडला की ओरडणाऱ्यानं ओरडायचं. त्याच ठोक्याला ऐकणाऱ्यानं कान मिटायचे, कारण शेजारचं ओरडणं कानात भरलं तर लांबून आलेला बारीक आवाज त्याला ऐकू येणार नाही. आणि त्याच ठोक्याला रेघ सुरू व्हायची. मग कान उघडायचे आणि वाट पाहायची. आवाज परत आला की रेघेवर तिथंच खूण उमटते. पुढचा ठोका, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे चारही कारभारी म्हणजे यंत्रातले डबेच, आणि चौथ्याचा डबा सांभाळणं हे मास्तरांचं काम होतं.

मी दळण निवडता निवडता ऐकत होते. म्हटलं, म्हणजे चौथा तो फुकट खाणारा.

मास्तर थांबले आणि म्हणाले, "वैनी, तिघं किती का हुशार असंनात. चौथा चुकला तर तिघंबी एकदिलानं चुकत्यात."

हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की जिकडं जातील तिकडं ते चौथा शोधायचे. मदरशात पोरांचे चार-चारचे गट केले. एक पोरगं, म्हणजे चौथा, टिचकी वाजवणार, दुसरं कापसाच्या जिनिंगच्या भिंतीकडं तोंड करून ओरडणार, तिसरं कान झाकून उघडणार, आणि उरलेलं जमिनीवर आखलेल्या रेघेवरून गोटी सरकवणार. अशी दहा टोळकी एकदम सुरू झाल्यावर हेडमास्तर मौलवीसाहेब बाहेर धावत आले. भला माणूस. त्यांनी सगळं बघितलं, मास्तरांना बाजूला घेतलं आणि विचारलं की हा हिसाबाचा धडा आहे की कवायतीचा. मास्तर एवढा वेळ थांबले की मौलवीसाहेब उत्तर न घेताच आत गेले.

चारठाण्याला एका वऱ्हाडाबरोबर गेले होते, तेव्हा लग्न राहिलं बाजूला, हे तिथल्या जुन्या देवळात जाऊन मंडपात टाळ्या वाजवत बसले. एक टाळी, मग थांबणं, मग दोन पावलं सरकून दुसरी टाळी. पुजाऱ्याला वाटलं, भजनी आहे. अर्ध्या तासानं त्याला कळलं की ह्यात भजन काही येत नाही, तेव्हा त्यानं हाकललं. परत आल्यावर मास्तर खुशीत सांगत होते की त्या मंडपाला टाळी परत करायची घाई नाही, दगड मोठा समजूतदार आहे.

घरातही त्यांनी एकदा चौथा बसवला. म्हणाले, वैनी, तुमच्या घरात रोज सकाळी जो गोंधळ होतो तो कामाचा नाही, सुरुवातीचा आहे. ज्यानं त्यानं आपल्या मनानं सुरुवात केली की कुणाचं कुणाशी जुळत नाही. उजाडताना ते थाळीवर एक ठोका देणार. तिथून मालकांनी शंभर मोजून आंघोळीला बसायचं, मी दोनशे मोजून तवा टाकायचा, आत्याबाईंनी तीनशेला देवपूजा उरकायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी म्हटलं, करून बघू, हसायला तरी होईल. आता खोटं कशाला बोलू, ते जुळलं. मालक टॉवेल झटकत आत आले तेव्हा भाकरी तव्यावर टम्म फुगलेली होती. तीन दिवस असं जुळलं. चौथ्या दिवशी मी थाळी उचलून फडताळात ठेवली. माझ्या घरात ठोका दुसऱ्याचा, हे मला खपण्यासारखं नव्हतं.

आत्याबाईंचं आणि त्यांचं मात्र वेगळंच प्रकरण होतं. आत्याबाई सकाळी माळ घेऊन बसायच्या. एक मणी, एक "राम". एके दिवशी मी पाहते तर मास्तर दाराआड घड्याळ कानाला लावून उभे. आत्याबाईंनीही पाहिलं आणि भडकल्या, देवाचं नाव मोजतोस का रे मेल्या म्हणून. मास्तर म्हणाले, मावशी, दोन रामांच्या मधे घड्याळाच्या बारा टिकटिकी पडतात. काल बारा, परवा बारा, आज बारा. कमी नाही की जास्त नाही. आत्याबाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मास्तर मला हळूच म्हणाले, सरकारनं विलायतेहून डबे मागवले, त्यांना ही मावशी सापडली असती तर लढाई लवकर आटपली असती.

तर असा हा माणूस. आम्ही हसायचो, आणि हसत हसत त्यांची सवय होऊन गेली होती.

त्या पौषात मालक कडब्याच्या गंजीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. कामट्या बांधून त्यांना बाजेवर टाकलेलं. एका सकाळी मी चुलीपुढं होते, आत्याबाई देवापुढं, आणि आमची गोदी, तीन वर्षांची, आत्याबाईंच्या पानाच्या चंचीशी खेळत बसली होती. चंची उघडीच राहिली होती. एकदम पोर ठसकली. मी वळले तर डोळे पांढरे आणि तोंड उघडं. सुपारीचं खांड तोंडात टाकून गिळलं होतं, ते घशात अडकलं. पाठीत थापट्या मारल्या, उलटी धरली, बोट घालून पाहिलं, खांड हलेना. श्वास अगदी बंद नव्हता झाला. पण आत जाताना शीळ वाजल्यासारखा वाजायचा, आणि दर श्वासाला शीळ बारीक होत होती. ओठ निळसर दिसायला लागले.

तेव्हा मी आत्याबाईंना जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुमच्या चंचीनं माझी पोर खाल्ली," असं म्हणाले. मी गोदीला उचलून नदीकडं धावले. त्या माळ हातात तशीच घेऊन माझ्यामागं निघाल्या.

नदीवर आलो तर नदीच नाही. नुसतं धुकं. पाण्याची कड पायाला लागली तेव्हा कळली. सटवा नावाडी नाव बांधून काठावर बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "बाई, धुई उठू द्या. हाताला हात दिसंना. खाली खडक हाय. नाव तिकडं ओढली गेली तर सगळेच जाऊ." तो खोटं बोलत नव्हता. घाटाच्या खाली हाकेच्या अंतरावर नदी अरुंद होते आणि पाण्यात खडकांची रांग आहे. तिथं दोन नावा फुटलेल्या मी ऐकल्या होत्या. पण धुकं उठायला घटका-दोन घटका लागणार, आणि गोदीची शीळ तेवढी टिकणार नव्हती.

तेवढ्यात मागून मास्तर आले. हातात माझीच काशाची थाळी आणि पळी. धुक्याकडं बघितलं, वाकून गोदीच्या तोंडाशी कान नेला आणि मग सटवाला विचारलं की दिसलं नाही, पण भिंत किती लांब आहे ते मी सांगत राहिलो, तर वल्हवशील का? सटवानं वर्षभर ह्या माणसाला कान झाकून हाळी देताना पाहिलं होतं. वेडा म्हणायचा त्यांना. त्यानं बिडी विझवली आणि दोर सोडला. गडी माणसांनी मालकांना बाजेसकट वाळूत आणून ठेवलं होतं. नावेत जागा नव्हती. त्यांनी नुसता हात वर केला. दोन वल्ह्यांत ते धुक्यात बुडाले.

मास्तरांनी नावेत आम्हाला जागेवर बसवलं. आत्याबाईंच्या मांडीवर गोदी, एका हातात माळ. त्यांनी रोजच्या चालीनं मणी ओढायचा, राम म्हणायचं आणि त्याच वेळी मास्तरांच्या गुडघ्याला बोट लावायचं. रामाबरोबर मी थाळीवर एक ठोका मारायचा, एकच, आणि थाळी लगेच छातीशी धरून तिचा आवाज मारायचा. गुडघ्याला बोट लागलं की मास्तर कान झाकणार आणि क्षणात उघडणार. मग घड्याळ एका कानाशी धरून, घाटावरच्या भिंतीला आपटून आवाज किती टिकटिकींनी परत येतो ते मोजणार. एक टिकटिक म्हणजे पाऊणशे हात. तेवढा वेळ सटवानं वल्हं पाण्याबाहेर धरायचं. आवाज जोरकस आला तर भिंत समोर. मऊ पडला तर आपण खाली घसरलो, मग वरच्या अंगाला वल्हवायचं.

मला तेव्हा कुठं कळलं की हा माणूस नदीवर कान का झाकत होता. आता हसू नाही आलं.

राम. ठोका. सगळे गप्प. "सात," मास्तर म्हणाले. पुन्हा राम, पुन्हा ठोका. "सात." धुक्यातून माझ्याच थाळीचा आवाज माझ्याकडं परत यायचा, इतका बारीक की मी श्वास सोडला तरी हरवायचा. "सात." मग "सहा." दोन ठोक्यांच्या मधे मी गोदीकडं बघून घ्यायची. शीळ चालू होती. नाव पुढं सरकत होती.

मग आवाज नाहीसा झाला. "न्हाई," मास्तर म्हणाले. राम, ठोका, "न्हाई." सटवानं नाव वरच्या अंगाला वळवली. "न्हाई." आणि मग एकदम मास्तरांचा चेहरा फुलला. "एक," ते म्हणाले. "सटवा, एकच. पाऊणशे हात. भिंत आली." सटवानं वल्हं टाकलं आणि भिंतीवर नाव आपटू नये म्हणून लांब बांबू घेऊन पुढं उभा राहिला. "एक," मास्तर म्हणाले. "एक." सटवानं बांबू खाली घातला. घाटाजवळ गुडघाभर पाणी असतं. बांबू सबंध आत गेला तरी तळ लागेना. नाव आडवी फिरली. आणि उजव्या हाताला, जिथं काहीच ऐकू यायला नको होतं, तिथं पाण्याची घरघर ऐकू यायला लागली.

मी थाळी मारतच होते. हात भरून आला होता. आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, मी गोदीकडं पाहिलंच नाही. पाहायला फुरसतच मिळत नव्हती. आधी दोन ठोक्यांच्या मधे मी तिला डोळे भरून बघून घेत होते, आता हात खाली येतो न येतो तोच पुढचा राम. मी आत्याबाईंच्या बोटांकडं पाहिलं. मणी पळत होते. त्यांना ते कळतही नव्हतं. डोळे मिटलेले, पाणी गालांवरून वाहतंय, आणि ओठ राम राम राम करत धावतायत.

"मास्तर," मी म्हणाले, "आत्याबाईंची माळ लय पळायली."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तर थांबले नाहीत. तिथल्या तिथं चेहरा उतरला आणि माझ्या हातातली पळी धरली. पुढचा ठोका पडूच दिला नाही. म्हणाले, आता कुणीच काही करायचं नाही. एक ठोका, आणि मग नुसतं थांबायचं. मी एक ठोका मारला. सगळे गप्प. खडकांकडचं पाणी घरघरतंय, पोरीची शीळ, आणि मी बसलेय. माझ्यासारखी बाई हात बांधून बसलेय. तो वेळ केवढा होता ते मला आजही सांगता यायचं नाही. मग आवाज आला.

"सहा," मास्तर म्हणाले. "सटवा, लांब हाय. लय लांब. वरच्या अंगाला मार."

पुढं त्यांनी समजावलं तेव्हा कळलं की मागच्या ठोक्याचा आवाज पुढच्या ठोक्यानंतर येत होता, आणि ते त्याला पुढच्याचा समजत होते. लांबची भिंत म्हणून जवळ वाटली. मधे आवाज हरवला तोही हरवला नव्हता. नेमका कान झाकलेल्या क्षणी येत होता.

तेव्हा एवढंच कळलं की आत्याबाईंची माळ पुन्हा बाराच्या चालीवर आली पाहिजे. मास्तर म्हणाले, मावशी, रोजच्यासारखं. आत्याबाईंना जमेना. मणी सुटून सुटून जात होता. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं की हे काम त्यांचं नाही.

मी थाळी मांडीवर ठेवली आणि आत्याबाईंचा माळेचा हात हातात घेतला. "आत्याबाई," मी म्हटलं, "तुमची चूक न्हाई. चंची म्याच उचलून ठेवायला पायजे व्हती. तुमी देवापुढं बसल्यागत म्हणा. घाई न्हाई."

घाई न्हाई, असं मी म्हणाले. मी. गोदीचे ओठ निळे पडलेले असताना.

आत्याबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, एक लांब श्वास घेतला. मग राम म्हणाल्या. मी ठोका दिला. त्या थांबल्या. थांबल्या. आणि मग दुसरा राम. सटवा अंगातली सगळी ताकद लावून वल्हवत होता. "सहा." "सहा." "पाच." घरघर मागं पडायला लागली. "चार." आवाज आता थाळीएवढाच खणखणीत परत येत होता. "दोन," मास्तर म्हणाले, आणि धुक्यातून घाटाची काळी पायरी माझ्या हाताला लागेल इतकी जवळ आली.

दवाखान्यात डाक्टरांनी गोदीला टेबलावर घेतलं, मला बाहेर काढलं. मी ओट्यावर, आत्याबाई पायरीवर, मास्तर भिंतीला टेकून. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. मग आतून गोदी रडली. अशी रडली की घाटापर्यंत ऐकू गेलं असेल. डाक्टर लांब चिमट्यात सुपारीचं खांड धरून बाहेर आले आणि म्हणाले, आता काही धास्ती नाही. आत्याबाईंनी उठून माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो, देवाला ठाऊक. त्या घटकेला मला सगळ्या जगाला भाकरी करून वाढावी असं वाटत होतं.

मास्तर त्या खांडाकडं बराच वेळ बघत होते. मग न विचारताच बोलायला लागले. लढाईत समुद्राच्या काठी एका टेकडीवर त्यांचं यंत्र होतं. एका सकाळी असंच धुकं पडलं आणि आपलंच एक विमान परत येत होतं. रात्रभर चालून यंत्र तापलेलं, मास्तरांच्या डब्याचा ठोका हळूहळू पळायला लागला होता, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिघं कारभारी एकदिलानं चुकले. लांबचं जवळ दिसलं. आलास, आता उतर, असं त्या विमानाला सांगितलं गेलं. खाली समुद्र होता. "डबा माझा होता, वैनी," मास्तर म्हणाले. "ठोका पळाला हे सांगणारं तिथं कुणी न्हवतं. आज तुमी व्हतात."

मी ओट्यावर सरकून त्यांना बसायला जागा केली. ते बसेपर्यंत थांबले. तेवढं शिकले होते.

मास्तर पुढं सहाएक महिने राहिले आणि निजामाचं राज्य जायच्या आधीच बदली होऊन गेले. एक पत्र आलं, त्यात मावशींची माळ बरी आहे का एवढंच विचारलेलं. गोदी आज स्वतः आजी आहे आणि तिचा आवाज तिच्या सुनांना विचारा. पण मास्तर म्हटलं की मला ती सकाळच आठवते, आणि तिचाही शेवटचा तुकडा.

धुकं उठलं होतं. ऊन पडलं, पाणी चकाकायला लागलं आणि पलीकडं वाळूत ठिपक्याएवढी बाज दिसली. त्या बाजेवर मालक अजून तसेच होते, मोडका पाय घेऊन, काहीच न कळता. आम्ही घाटाच्या शेवटच्या पायरीवर आलो. मी गोदीला कडेवर घेऊन ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर पुढं झाले. दोन्ही हात उचलले. मला वाटलं, आता कान झाकणार. त्यांनी हात तोंडाशी नेले.

"पोरगी हायऽऽ," मास्तरांनी हाळी दिली. "चांगली हायऽऽ."

कान उघडे होते. मग आम्ही वाट पाहत उभे राहिलो. आत्याबाई, मास्तर, आणि मीसुद्धा. मी एकदाही मधे ओरडले नाही. पलीकडून मालकांची हाळी पुरती आमच्यापर्यंत पोचू दिली.